लाखमोलाचं पेन



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हजेरीच्या वहीवर सह्या चालल्या होत्या. दहा रुपयांचं पेन हातोहात फिरत होतं आणि नेहमीसारखं मध्येच उमटेनासं झालं. झटकून झटकून कशाबशा सह्या झाल्या. तेवढ्यात एका मैत्रिणीच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीने मोबाइलवर एक पेन दाखवलं. काळंभोर, चकचकीत, आणि त्यावर सोनेरी मासे पोहत असलेले. जपानमध्ये हाताने केलेलं शाईचं पेन. किंमत काही लाख रुपये. आधी कुणाचा विश्वास बसेना, मग हशा पिकला. "एवढ्यात दोन म्हशी येतील," एक जण म्हणाली, "आणि त्या दूध तरी देतील!"

हशा ओसरला आणि आम्ही गोधड्यांच्या हिशेबाकडे वळलो. आमच्या गोधड्या शहरातल्या एका दुकानदाराने नेल्या होत्या. त्याने त्यावर स्वतःचं लेबल चिकटवलं आणि आम्हाला दिलेल्या पैशांच्या चौपट भावाने विकल्या, हे नुकतंच कळलं होतं. मघाशी हसलेलीच मैत्रीण मग गंभीरपणे म्हणाली, "तेही हाताचंच काम, हेही हाताचंच काम. मग त्याला लाखभर का, आणि आपल्याला चहापाण्यापुरतं का?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर शोधायचं म्हणून आम्ही त्या पेनाच्या मागे लागलो. वाचलं, विचारलं, पाहिलं. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आमचा पहिला अंदाज होता सोन्याचा. पेनावर सोनं आहे, म्हणून महाग. हिशेब केला तर तो टिकला नाही. अशा पेनाची निब बहुधा १४ किंवा १८ कॅरेटची असते. १४ कॅरेट म्हणजे हजारातले ५८५ भाग सोनं, १८ कॅरेट म्हणजे ७५० भाग. पण निबेचं वजन ते किती? ग्रॅमभराच्या आतबाहेर. अंगावरच्या चित्रात सोन्याची भुकटी असते, तीही चिमटीचिमटीने. आपल्या मंगळसूत्राच्या दोन वाट्यांत याहून जास्त सोनं निघेल. म्हणजे पैसे सोन्याचे नाहीत. मग कशाचे आहेत? ते कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

टोकियोत जहाजावरच्या लोकांना शिकवणारी एक शाळा होती. तिथे नामिकी र्योसुके नावाचे शिक्षक होते. आकृत्या काढायच्या पेनात पुन्हा पुन्हा शाई भरावी लागते, याचा त्यांना वैताग येई. त्यातून ते पेन बनवण्याकडे वळले. जहाजावरच्याच ओळखीतले वादा मासाओ त्यांच्या सोबतीला आले आणि १९१८ साली दोघांनी कंपनी काढली. बंदरात जहाजाला वाट दाखवणारा तो पायलट. तेच नाव त्यांनी पेनाला दिलं आणि १९३८ मध्ये कंपनीलाही. आपल्याकडे शाळेच्या परीक्षेला मुलं ज्या पायलट पेनाचा हट्ट धरतात, त्या नावाचं मूळ हे.

त्या काळी पेनं एबोनाइटची असत. रबरात गंधक घालून तापवलं की ते कडक आणि काळं होतं, तेच एबोनाइट. कातायला सोपं, हाताला उबदार. पण त्यात एक खोड होती. ऊन, घाम आणि हाताळणीने त्याचा काळा रंग उडून ते मातकट तपकिरी दिसू लागे. नवं पेन झकास आणि दोन वर्षांनी जुनाट, असं व्हायचं. नामिकींच्या लोकांनी यावर उपाय परदेशात शोधला नाही. घरातल्या वाट्या, पेट्या, देवघरं ज्याने शतकानुशतकं टिकली होती, तो झाडाचा चीक त्यांनी पेनाला लावून पाहिला. १९२५ च्या सुमारास एबोनाइटवर हा चीक पक्का बसवायची रीत त्यांना साधली. तिला त्यांनी 'लॅकोनाइट' असं नाव दिलं. रंग उडायचा थांबला. म्हणजे या लाखमोलाच्या पेनाची सुरुवात शोभेने झालेली नाही. माल खराब दिसतो, गिऱ्हाईक तक्रार करतं, या तुमच्याआमच्या ओळखीच्या अडचणीतून ती झाली.

आता या चिकाबद्दल. जपानी भाषेत त्याला उरुशी म्हणतात, आणि झाडाचंही नाव तेच. आपण लाख म्हणतो ती वेगळी. आपली लाख कुसुम, पळस, बोर अशा झाडांवरच्या किड्यापासून मिळते. बांगड्यांना, खेळण्यांना आणि आपल्या सावंतवाडीच्या लाकडी कामाला ती वापरतात. उरुशी हा झाडाचा रस आहे. पण हे झाड आपल्याला अगदी परकं नाही. ते आंब्याच्या कुळातलं आहे. आंबा, काजू, चारोळी, बिब्बा ही सगळी भावंडं आणि उरुशी त्यांचं चुलत भावंड. आंब्याचा चीक ओठाला लागला की फोड येतो. बिब्बा अंगावर उततो. गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात भाजतात आणि काजू फोडणाऱ्यांच्या बोटांची सालं निघतात. उरुशीचंही तसंच आहे. ओला चीक कातडीला लागला की अंग सुजतं, खाज सुटते. या धंद्यात नव्याने येणाऱ्याला पहिली ओळख होते ती या पुरळाची. जपानमधल्या त्या चकचकीत पेनामागचा हा जाच आपल्या बायांना कुणी समजावून सांगायला नको.

जपानच्या उत्तरेला इवाते नावाचा प्रांत आहे. तिथल्या जोबोजी या भागातून देशातली बहुतेक उरुशी येते. झाड लावल्यावर चीक काढण्याजोगं व्हायला दहा ते पंधरा वर्षं लागतात. मग जून ते ऑक्टोबर या हंगामात माणूस दर चार-पाच दिवसांनी प्रत्येक झाडाकडे जातो. खोडावर एक आडवी चीर पाडतो आणि पाझरलेला चीक खरवडून घेतो. पुढच्या खेपेला आधीच्या चिरेच्या वर थोडी लांब चीर. झाडाला एकदम मोठी जखम केली तर ते सुकतं, म्हणून हे सबुरीने करायचं. एवढं करून संपूर्ण हंगामात एका झाडातून चीक निघतो सुमारे २०० ग्रॅम. आपलं चहाचं मोठं पेलाभर समजा. हंगाम संपला की ते झाड तोडतात आणि बुंध्याला फुटलेले धुमारे वाढवून पुन्हा दहा-पंधरा वर्षं वाट पाहतात.

या चिकाची आणखी एक गंमत आहे. आपण पापड, कुरडया उन्हात वाळवतो. उरुशी उन्हात वाळत नाही. ती दमट हवेत घट्ट होते. म्हणून एक थर दिला की वस्तू ओलावा राखलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. त्या कपाटाला जपानीत 'फुरो' म्हणतात. न्हाणीलाही हाच शब्द आहे. थर घट्ट झाला की बाहेर काढायचं, कोळशाने पाणी घेऊन घासायचं आणि पुन्हा पातळ थर देऊन कपाटात ठेवायचं. असं एकदा नाही, अनेकदा. घाई केली, थर जाड दिला, तर वरून सुरकुत्या पडतात आणि सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. साध्या काळ्या पेनालाही यात महिने जातात, आणि चित्राचं असेल तर त्याहून जास्त.

एक गोष्ट ऐकून आमच्या बैठकीत सगळ्याजणींचे हात आपसूक वेणीकडे गेले. उरुशी लावायचा ब्रश माणसाच्या केसांचा असतो, आणि परंपरेने बायकांच्या लांब, सरळ केसांचा. पेन्सिलीत शिसं असतं तसे हे केस लाकडाच्या पट्ट्यांमधून टोकापर्यंत गेलेले असतात. पुढचे झिजले की लाकूड तासून नवे केस बाहेर काढायचे. एक ब्रश वर्षानुवर्षं पुरतो. ज्या बाईचे ते केस, तिचं नाव कुठल्याही पेनावर नसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

एवढं झाल्यावर चित्राची पाळी. त्या कलेला 'माकी-ए' म्हणतात, म्हणजे शिंपडलेलं चित्र. आपण रांगोळी चिमटीतून सोडतो, तसं हे काम. आधी ओल्या उरुशीने बारीक रेघ काढायची. ती ओली आहे तोवर नळीतून सोन्याची भुकटी तिच्यावर झिरपत सोडायची. भुकटी रेघेला चिकटते, बाकीची झटकली जाते. मग पुन्हा कपाट, वरून पुन्हा उरुशीचा थर, पुन्हा घासणं. सपाट चित्र, उठाव दिलेलं चित्र, आणि पूर्ण झाकून मग घासून वर आणलेलं चित्र असे त्याचे प्रकार आहेत. मध्ये शिंपल्याचे तुकडे बसवतात. उरुशीत शुभ्र पांढरा रंग बनत नाही, म्हणून पांढऱ्यासाठी लावी पक्ष्याच्या अंड्याचं कवच तुकड्या-तुकड्याने चिकटवतात. शेवटी हरणाच्या शिंगाची बारीक पूड आणि तेल बोटावर घेऊन तळहाताने चकाकी आणतात. एवढ्या सगळ्या हत्यारांनंतर शेवटचा हात माणसाच्या कातडीचाच.

हे काम टिकतं किती? १८७३ मध्ये ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात जगाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथून जपानी वस्तू घेऊन परतणारं 'नील' नावाचं जहाज १८७४ मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ बुडालं. वर्षाहून अधिक काळ माल समुद्राच्या तळाशी होता. नंतर बाहेर काढलेल्या लाखकामाच्या काही वस्तू जवळजवळ होत्या तशा निघाल्या. पाणी, मीठ यांना उरुशी दाद देत नाही. तिचा शत्रू एकच, कडक ऊन.

परदेशात या कामाला भाव आला, तो काही पेनांमुळे पहिल्यांदा नव्हे. सोळाव्या शतकात गोव्याहून निघणारी पोर्तुगीज जहाजं मकाववरून जपानच्या नागासाकी बंदरात जात. तिथून ती लाखकाम केलेल्या, शिंपले जडवलेल्या पेट्या आणि चर्चमधली पुस्तकं ठेवायची घडीची स्टँडं नेत. त्या वस्तू कुणी बनवल्या त्यांची नावं आज फारशी कुणाला ठाऊक नाहीत. ज्यांनी त्या विकत घेतल्या, त्या राजांची, पाद्र्यांची नावं मात्र इतिहासात आहेत.

नामिकींच्या पेनांचं असंच व्हायचं होतं, पण थोडं वेगळं घडलं. आणि तेच आमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

कानाझावा शहरात १८९६ साली जन्मलेले मात्सुदा गोन्रोकु हे सातव्या वर्षापासून थोरल्या भावाच्या हाताखाली लाखकाम शिकले. पुढे टोकियोच्या कलाशाळेतून १९१९ मध्ये ते बाहेर पडले. १९२०-३० च्या दशकात नामिकींनी त्यांना पेनांच्या कामावर आणलं. त्यांच्याभोवती कारागीर जमले आणि १९३१ मध्ये 'कोक्कोकाई' नावाचा कारागिरांचा गट उभा राहिला. त्याच सुमारास, १९३० मध्ये, लंडनच्या डनहिल या बड्या दुकानाशी नामिकींचा करार झाला. श्रीमंतांना पाइप, लायटर असल्या वस्तू विकणारं हे दुकान. पेनावर 'डनहिल-नामिकी' असं नाव येऊ लागलं. विकणाऱ्याचं नाव आधी, बनवणाऱ्या कंपनीचं मागून.

आपल्या गोधडीचंच झालं की हे, असं आम्हाला वाटलं. पण त्याच पेनांवर आणखी काहीतरी होतं. अगदी बारीक अक्षरात कारागिराची सही, सोबत गटाचं नाव, आणि पुष्कळदा लाल रंगात त्याची खूण. ज्याने चित्र काढलं त्याने ते स्वतःच्या हाताने तिथे लिहिलेलं. दुकानाचं नाव पेनावर होतंच, पण कारागिराचं नाव उरुशीतच होतं.

आज जवळपास शंभर वर्षांनी त्या काळातली पेनं लिलावात येतात, तेव्हा जाणकार भिंग घेऊन काय शोधतात? ती सही. पेन डनहिलचं आहे याला किंमत आहेच. पण ते कुणाच्या हातचं आहे, यावर किंमत कितीतरी वर-खाली होते. मात्सुदांना तर १९५५ मध्ये जपान सरकारने आपल्या परंपरागत कलेचा जिवंत ठेवा म्हणून मान दिला. तिकडे अशा माणसांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात. १९८६ मध्ये ते वारले, पण त्यांच्या आणि त्यांच्या गटाच्या हातचं काम नावाने ओळखलं जातं.

आता कुणी तुमच्यापुढे असं पेन ठेवलं आणि विचारलं, बाई, याचं मोल काय, तर कसं पाहायचं? जाणकार काय काय पाहतात ते आमच्या शब्दांत सांगतो.

पहिलं, आत काय आहे. एबोनाइट, लाकूड, की प्लॅस्टिक, की पितळ? एबोनाइट हाताला हलकं आणि उबदार लागतं, पितळ जड आणि गार. साडीचा पदर बघण्याआधी पोत बघतो ना, तसं.

दुसरं, वर खरी उरुशी आहे की दुसरं काही. इथे पुन्हा आपल्या ओळखीचं निघालं. जपानमध्ये उरुशीऐवजी वापरला जाणारा एक स्वस्त रंग आहे, त्याचं नावच 'काशू', म्हणजे काजू. तो काजूच्या टरफलातल्या तेलापासून बनतो. दिसायला उरुशीसारखा, पण हवेत आपोआप वाळतो, त्यामुळे काम भराभर होतं. वाईट नाही, फक्त उरुशीच्या भावाने विकू नये. केमिकलचा साधा रंगही असतो. म्हणून विकणाऱ्याने काय लावलंय ते स्पष्ट लिहून द्यावं, हे गिऱ्हाइकाने मागायला हवं.

तिसरं, चित्र हाताने शिंपडलेलं की छापलेलं. स्वस्त पेनांवर जाळीतून छापून सोनेरी चित्र काढतात. भिंगातून पाहिलं तर छापलेल्या चित्रात रेघेची जाडी सगळीकडे सारखी दिसते आणि दोन पेनांवरचे मासे जुळे असतात. हाताने काढलेल्या रेघेत जोर कमी-जास्त होतो, सोन्याचे कण कुठे दाट, कुठे विरळ असतात. उठावाच्या चित्रावरून बोट फिरवलं तर माशाचं अंग बोटाला कळतं.

चौथं, टोपण आणि अंग यांची सांधेजोड. चित्र टोपणावरून खाली अंगावर जात असेल, तर टोपण लावल्यावर ते तुटता कामा नये. माशाचं डोकं इकडे आणि शेपूट तिकडे गेली तर काम कच्चं.

पाचवं, पेन लिहितं का! हे सगळ्यात शेवटी विचारलं जातं, पण आम्ही तरी हेच आधी विचारू. निब कागदावर अडते का, दोन्ही बाजू समान आहेत का, शाई खंड न पडता उतरते का? मोठ्या जुन्या पेनांत शाई ड्रॉपरने थेट अंगातच भरतात. मागची कळ फिरवली की शाईची वाट बंद होते आणि पेन गळत नाही. ती कळ चालते का, हे पाहायचं. किंमत लाखांत असली तरी शेवटी ते लिहिण्याचं हत्यार आहे.

सहावं, डागडुजी आणि वय. कुठे तडा, टवका, उन्हाने मळकटलेला भाग आहे का? कुणी नंतर नवा थर दिलाय का? नवा चकचकीत थर देऊन जुना दोष झाकलेलं पेन अनेकदा जुन्याच थराच्या पेनाहून कमी मोलाचं ठरतं. चांगली उरुशी वापराने आणि वर्षांनी अधिक खुलते, रंग आतून उजळतो.

आणि सातवं, सही. कुणाच्या हातचं? सोबत हलक्या लाकडाची पेटी आहे का, तिच्या झाकणावर कारागिराने हाताने लिहिलंय का? पेटी हरवली तर मोल उतरतं, कारण पेनाची साक्ष हरवते.

या सात गोष्टी पाहिल्या तर एक कळतं. मोलाचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही. तो थरांखाली आहे. दिसतो फक्त शेवटचा थर. पंधरा वर्षं वाढलेलं झाड, चिरा पाडणारा माणूस, कपाटात थांबलेले दिवस, घासून झिजलेली बोटं, हे सगळं खाली गाडलेलं. त्या पेनाला लाख मिळतात, कारण जपानी लोकांनी हे न दिसणारं मोजलं, बोलून दाखवलं आणि शेवटी नाव लिहिलं.

पण तिथेही सगळ्यांचं नाव लिहिलं गेलं नाही, हेही खरं. सही चित्र काढणाऱ्याची. चीक काढणाऱ्याची नाही, घासणाऱ्याची नाही, आणि जिचे केस ब्रशात आहेत तिची तर नाहीच. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर वाजिमा नावाचं गाव लाखकामासाठी प्रसिद्ध आहे. एका वाटीला शंभराहून जास्त पायऱ्या आणि प्रत्येक पायरीचा कारागीर वेगळा. तिथली काही मंडळी पेनांवरही काम करतात. चीक काढणाऱ्यांचंही तसंच झालं. स्वस्त चीक चीनमधून येऊ लागला आणि जोबोजीच्या माणसांना काम उरेना. मग २०१५ मध्ये सरकारने ठरवलं की देशातल्या जुन्या मंदिरांच्या, राष्ट्रीय ठेव्यांच्या डागडुजीला देशातलीच उरुशी वापरायची. मागणी वाढली, नवी पोरं शिकायला येऊ लागली. २०२० मध्ये जुन्या लाकडी इमारती जपण्याच्या कौशल्यांना युनेस्कोने मान दिला, त्यात उरुशी काढण्याचं कामही होतं. भाव आपोआप येत नाही. कुणीतरी ठरवावं लागतं की हे काम मोजायचं.

वाजिमाचीच आणखी एक गोष्ट सांगतो. तिथे सकाळचा बाजार भरतो, हजार वर्षांहून जुना मानतात. भाजी, मासे, हाताच्या वस्तू घेऊन बसणाऱ्या बहुतेक बायकाच. १ जानेवारी २०२४ रोजी तिथे ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आग लागली आणि बाजाराचा बहुतेक भाग जळून गेला. लाखकामाच्या कितीतरी कार्यशाळा पडल्या. त्या बायकांनी मार्चमध्ये कानाझावा शहरात जाऊन बाजार मांडला. गावातली जागा गेली तर दुसऱ्या गावात बसू, पण बाजार मोडायचा नाही. एप्रिलमध्ये जपानचे पंतप्रधान अमेरिकेला गेले, तेव्हा तिथल्या राष्ट्राध्यक्षांना त्यांनी वाजिमाच्या लाखकामाचे कप भेट दिले. कप राष्ट्राध्यक्षांकडे गेले ही मोठी बातमी झाली. आमच्या बैठकीत मात्र त्या बाजाराची बातमी दोनदा वाचली गेली.

आता आमच्या गोधडीकडे. ती लाखाला जाणार नाही, हे आम्हाला कळतं. गोधडीचं गिऱ्हाईक वेगळं, आणि गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणारा दुकानदार लागतोच. नामिकींनाही लंडनचं दुकान लागलंच की. दुकानदाराने नफा घेऊ नये असं आमचं म्हणणं नाही. पण भाव मागायला बसलो, तेव्हा आमच्याकडे सांगायला काहीच नव्हतं, हे आमचं चुकलं होतं. कापड किती, दोरा किती, एवढंच आम्ही लिहीत होतो. दिवस लिहिलेच नव्हते. जुन्या साड्या उसवणं, धुणं, थर लावणं, टाचणं, आणि दुपारच्या वेळात टाका टाका घालणं, हे सगळं आम्ही स्वतःच कामात धरलं नव्हतं. आपणच मोजलं नाही तर दुकानदार का मोजेल?

म्हणून आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. हजेरीच्या वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येक गोधडीचा हिशेब लिहितो. कुणी उसवलं, कुणी थर लावले, कुणी टाके घातले, किती दिवस लागले. दुसरं, गोधडीच्या कोपऱ्यात शिवणाऱ्या बाईचं नाव आणि गावाचं नाव दोऱ्यानेच शिवतो. चिकटवलेलं लेबल ओढलं की निघतं. शिवलेलं नाव काढायचं तर टाकेच उसवावे लागतात. दुकानदार आधी कुरकुरला. मग म्हणाला, गिऱ्हाइकं कोपरा उलटून नाव वाचतात. भाव थोडा वाढवून मिळाला आहे, पुरेसा नाही. पुढच्या खेपेला वही घेऊनच बसणार आहोत.

तुमच्या गटात पापड असतील, मसाला असेल, टोपल्या असतील. येत्या बैठकीत एवढं करून बघा. एक वस्तू घ्या, आणि ती हातात येईपर्यंत कुणाकुणाचे हात लागले, किती दिवस लागले, ते एका पानावर लिहा. बिया निवडणारी सासू आणि उन्हात राखण बसलेली लेक, दोघींची नावं त्यात येऊ द्या. मग खाली किंमत लिहा. आधीच्या किमतीपेक्षा ती वेगळी निघाली तर आम्हाला कळवा, आपण रेडिओवरून बोलू.

आणि हो, सह्यांचं पेन आम्ही बदललं. दहाचंच आहे, पण चालतं.